भागूची ओ

मला दोन नावं. सासरचं वैजयंती. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ते नाव काढलं, आन् काढताना बी एक काना जास्तीचा दिला. मी मान खाली घालून बसले व्हते, पण चौथी शिकलेली व्हते, मला दिसलं. तवाच मनात म्हणलं, बया, ह्या माणसाचं काय खरं न्हाई.

आन् एवढं तांदूळ नासून ठेवलेलं नाव, त्या नावानं मला कुणी हाक मारली म्हणता? कुणीच न्हाई. नवरा म्हणतो 'अगं ए'. लेक म्हणतो आई, सून म्हणती मम्मी, नात म्हणती आज्जी, इथं सासरी डिंगोऱ्यातल्या बाया म्हणत्यात काकू. वैजयंती फक्त आधारकार्डावर हाय. दवाखान्यात नर्सबाई 'वैजयंती कोण, वैजयंती' म्हणून वरडली तर मीच इकडंतिकडं बघत बसते, कुठं गेली ही बाई म्हणून.

माहेरचं नाव भागू. ते खरं. त्या नावानं हाक आली की माझ्या तोंडातून आपोआप 'ओ' निघतं. नवऱ्याच्या 'अगं ए'ला मी 'आले' म्हणते, लेकराबाळांना 'काय रे' म्हणते. ओ म्हणून जी असती ती फक्त भागूची.

पण भागू म्हणणारी माणसं एकेक करून गेली. आई गेली, बाप गेला. संगं गवऱ्या येचणारी गोजर गेली, ती तर माझ्यापरीस लहान व्हती. मागं ऱ्हायला एकटा बहिरूदादा, माझा थोरला भाऊ. नाव बहिरू, पण कान असले की दऱ्याच्या पल्याड वाळक्या पाचोळ्यावर ससा हलला तरी त्याला कळायचं.

आमचं माहेर तळेघरच्या वर, भीमाशंकरच्या वाटंला. भात, नाचणी, वरई, आन् हिरड्याची झाडं. लहानपणी आमी दोघं गुरं घेऊन जायचो. म्हशी एका बाजूला चरायच्या, गाया दुसऱ्या बाजूला, मदी खोल दरा. म्हशी दादाकडं, गाया माझ्याकडं. झाडी अशी दाट की एकमेकांचं टकुरं बी दिसायचं न्हाई. म्हणून आईनं नियम घालून दिला व्हता. दादानं मदूनमदून हाक मारायची, 'भागूऽऽ', आन् मी ओ द्यायची. ओ आली म्हणजे पोरगी जागेवर हाय, वाघानं न्हेली न्हाई, कड्यावरून पडली न्हाई. तीन हाकांना ओ आली न्हाई तर म्हशी सोडून पळत यायचं.

एकदा मी जांभळीच्या बुडाला झोपले. जांभळं खाऊन खाऊन पोट गच्च, वारं गार, कवा डोळा लागला कळलं न्हाई. जाग आली तर दादा म्होरं उभा. सगळा दरा उतरून चढून आलेला, करवंदीच्या काट्यानं हातपाय फाटलेले, सदरा लोंबतोय. मला वाटलं आता हाणतोय. तर हा बाबा मटकन खाली बसला आन् रडाया लागला. 'ओ दे की गं,' म्हणला. 'नुसती ओ दे. बाकी काय बी करू नगं.' मी म्हणलं, 'बरं, देते. ओ.' तवा हसला येडा.

मंग माझं लगीन झालं, डिंगोऱ्याला आले. इथं सगळं सपाट. कांदा, ऊस, टोमॅटो, बंगलं, ट्रॅक्टर. पैल्या वर्साला मला झोपच लागंना, कारण डोंगराला डोकं टेकल्याबिगर मला झोपायची सवय नव्हती. पण दादा यायचा. उन्हाळ्यात पळसाच्या पानात बांधून करवंदं, पावसाळ्यात वढ्याची खेकडी, दिवाळी झाली की नवा तांदूळ. एकदा खेकडी पिशवीतून सुटली आन् माझी सासू कुशाबाई लुगडं आवरत खाटंवर चढली, ती संध्याकाळपातुर खाली उतरली न्हाई. शेवटची खेकड माझ्या जावंच्या चपलंत सापडली.

आन् दादाची रीत अशी, की गल्लीच्या तोंडाला पाय टेकला की तिथूनच 'भागूऽऽ'. सारी आळी बाहेर यायची. कुशाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. 'अहो पावणं, सुनंचं नाव घेऊन असं कुणी वरडतं व्हय? आन् तिचं नाव आता वैजयंती हाय.' दादा म्हणायचा, 'मावशी, ते नाव आमच्या डोंगरात पोचत न्हाई. लई जड हाय, वाटंतच पडतं.' कुशाबाई वरून चिडायची, पण तिला बी हसू यायचं. करवंदं मात्र आधी तीच मागायची.

करवंदं खायची बी आमची रीत व्हती. एक करवंद अर्धं चावायचं, मुठीत धरायचं आन् इचारायचं, 'कोंबडा का कोंबडी?' आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हरंल त्यानं आपलं करवंद द्यायचं. केस पिकले तरी आमी दोघं डिंगोऱ्याच्या ओट्यावर बसून हाच खेळ खेळायचो, आन् माझी नात संस्कृती मोबाईलमदी आमचा व्हिडिओ काढायची. तिला पयल्यांदा वाटलेलं, भागू म्हणजे मामाआजोबांची कुठली तरी शेळी असंल.

तर असा माझा दादा. आन् ह्या माघात त्याच्या अंगावरून वारं गेलं.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आन् वाचा गेली. मी दवाखान्यात गेले तवा नुसता छताकडं बघत पडलेला. मी म्हणलं, 'दादा, मी आले, भागू.' काय न्हाई. डॉक्टर म्हणला, बोलणं येईल न येईल, सांगता येत न्हाई. मी घरी आले आन् चुलीपुढं बसून मोठ्यानं रडले. नवरा म्हणला, 'अगं, जीव तर वाचला ना?' वाचला. पण मला आता भागू कोण म्हणंल? लाज वाटती सांगाया, भाऊ तिथं लोळागोळा होऊन पडलाय आन् मला माझ्या नावाची पडली. पण पडली, काय करू. एकदा, एकदाच त्याच्या तोंडून ती हाक ऐकावी, मंग माझं काय व्हायचं ते होऊ दे, एवढंच मागत व्हते.

आन् वैशाखात भिकाचा फोन आला. भिका म्हणजे दादाचा लेक. म्हणला, 'आत्ती, नाना बोलाया लागले!'

'काय म्हणतोस!'

'एकच शब्द बोलत्यात. भागू. सकाळी उठल्यापासून भागू, भागू. तुझाच धोसरा घेतलाय. तू ये बाई लवकर.'

मी फोन ठेवला तो कुठं ठेवला तेच मला पुन्हा सापडंना. माझ्या भावाची सारी वाचा गेली आन् एक शब्द ऱ्हायला, तो माझा. मी शेजारणीला सांगितलं, गिरणीवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला दोनदा सांगितलं. नवऱ्याला म्हणलं, 'बघितलं का? नाव असं घेत्यात.' तो म्हणला, 'मंग मी काय घेत न्हाई का?' मी म्हणलं, 'घ्या बरं आत्ता.' तर नवरोबा बसले डोकं खाजवत. 'वैज...' म्हणले आन् पुढं लाजले. एवढा म्हातारा झाला तरी.

दादाला मासवड्या लई आवडायच्या. पहाटं उठून बेसन घाटलं, तीळखोबऱ्याचं सारण भरलं, फडक्यावर थापून वड्या वळल्या, रस्सा डब्यात भरला, आन् निघाले. जुन्नर, घोडेगाव, तिथून भीमाशंकरची एसटी. गाडीत सगळे देवाला निघालेले, कपाळाला भस्म, हातात पिशव्या. कंडक्टर म्हणला, 'मावशी, भीमाशंकर ना?' मी म्हणलं, 'न्हाई बाबा, आधीच उतरायचंय. मला देव न्हाई पायचा, भाऊ पायचाय.'

घोडेगाव मागं पडलं, खिडकीतून डिंभ्याचं धरण दिसलं, पाणी पार तळाला गेलेलं. त्या रस्त्यानं मला आमची बेल्ह्याच्या बैलबाजाराची वारी आठवली. वारीच म्हणायची. मी दहा-अकरा वर्षांची असंन. बापाला बैल घ्यायचा व्हता, तर आमी दोघं बी पायी संगं गेलो. एवढा बाजार मी जल्मात बघितला नव्हता. जिकडं बघंल तिकडं शिंगं. मी एका रंगवलेल्या शिंगाकडं बघत ऱ्हायले आन् बापाचा हात सुटला. धुरळा असा की आपलाच हात दिसंना. मी रडायच्या आधी आवाज आला, 'भागूऽऽ'. दादा एका रिकाम्या बैलगाडीवर चढून उभा व्हता. मी ओ दिली तशी सगळे व्यापारी वळून बघाया लागले. एक जण म्हणला, 'पाव्हणं, बैल राहू द्या, ही पोरगी केवढ्याला?' दादानं त्याला असली शिवी घातली की बापानं दोघांना बी धपाटा दिला.

आन् जो बैल घेतला तो बी नग. नारायणगावला नदीत पाणी प्याला, घोडेगाव जवळ आलं तसा रस्त्याच्या मदोमद बसला. उठंचना. बापानं शेपूट पिरगाळली, पायाला गुदगुल्या केल्या. मागं एसटी थांबलेली, डायव्हर हॉर्न वाजवतोय. मंग दादा बैलाशेजारी मांडी घालून बसला आन् आपल्या फडक्यातली भाकर काढून म्हणला, 'आर्धी तुला, आर्धी मला, मंग चालशील?' बैलानं आर्धी काय, सगळी खाल्ली आन् उठला. दादा घरापातुर उपाशी चालला, पण खूश. माझ्या आयुष्यात तेवढा लांबचा आन् तेवढा ग्वाड प्रवास दुसरा झाला न्हाई. लेकानं मला इमानातून तिरुपतीला न्हेलं व्हतं, त्यात काय, नुसतं बसायचं.

वाडीच्या वळणावर उतरले. ह्या वळणाचं बी आमचं ठरलेलं. मी माहेराहून निघाले की दादा वर अंगणात उभा ऱ्हायचा, आन् मी वळणावर पोचले की हाक मारायचा. मी खालून ओ दिली की मंग तो घरात जायचा. लग्नानंतर एवढी वर्सं झाली, एकदा चुकलं न्हाई.

वर चढत गेले. दादा अंगणात आंब्याखाली बाजंवर उशीला टेकून बसलेला. एका बाजूला सुनंनं हिरडा वाळत घातलेला. दाढी वाढलेली, तोंड एका अंगाला वढलेलं. मी जवळ गेले, त्याच्या म्होरं बसले, आन् वाट बघत ऱ्हायले. आता म्हणंल. आता म्हणंल.

त्यानं माझ्याकडं पायलं. लई येळ पायलं. आन् गप.

मी म्हणलं, 'दादा, अरं मीच.' स्नेहल, भिकाची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आली. दादानं तांब्याकडं बोट केलं आन् खणखणीत आवाजात म्हणला, 'भागू!'

हात गेला व्हता, पाय गेला व्हता, गळा तेवढा जागेवर व्हता.

मला वाटलं, मलाच म्हणला. मी उठले. तर तो पाणी प्याला, आन् कोंबडी हिरड्यात शिरली तिला म्हणला, 'भागू! भागू!' स्नेहलला म्हणला भागू. आंब्यावरून कैरी पडली, तिला भागू. मला सोडून साऱ्या जगाला भागू.

स्नेहल पदर चाळवत म्हणाली, 'आत्ती, आम्हाला आधी खरंच वाटलं तुम्हालाच बोलवतायत. म्हणून ह्यांनी फोन केला. नंतर कळलं, सगळ्यालाच तसं म्हणतात. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असा एखादा शब्द तोंडात राहतो. त्याला काही अर्थ नसतो.'

अर्थ नसतो! माझ्या नावाला अर्थ नसतो! मला असा राग आला म्हणता. डॉक्टरचा आला, भिकाचा आला, आन् सगळ्यात जास्ती दादाचा आला. मी डबा बाजंवर आदळला. म्हणलं, 'खा मासवड्या. तुझ्या त्या कोंबडीला बी दे, तिचं नाव भागू हाय ना.' आन् घराच्या मागं गेले, हातपाय धुवायचं निमित्त करून. तिथं रांजणापाशी उभी राहून रडले. कशाला आले एवढं नाचत? साऱ्या डिंगोऱ्यात सांगून आले, आता जाऊन काय सांगू, की माझा भाऊ मला तांब्या समजतो?

म्होरून हाक आली. 'भागूऽऽ'.

मी म्हणलं, ओरड. तांब्या पायजे असंल.

'भागूऽऽ'. आता जरा वरच्या सुरात. बाजंवर डावा हात आपटल्याचा आवाज आला. भिका वैतागून म्हणत व्हता, 'नाना, अहो काय पायजे? पाणी देऊ? आत न्हेऊ? दिवसभर हे असं आत्ती, काय पायजे ते कळत न्हाई आन् गप बी बसत न्हाईत.'

'भागूऽऽऽ'. तिसरी.

मी काय ठरवून न्हाई दिली. तोंडातून निघाली. 'ओऽऽ.'

म्होरं एकदम सारं गप झालं.

मी तोंड पुसत आले. दादा उशीला टेकला व्हता, डोळं मिटून, लेकरू पेंगतं तसा. भिका माझ्या तोंडाकडं बघाया लागला. 'काय केलंस तू?'

'काय न्हाई. ओ दिली.'

मंग मला कळलं. ह्यो बाबा पाणी मागत नव्हता, काय बी मागत नव्हता. त्याला दऱ्याच्या पल्याडून ओ पायजे व्हती. तीन हाका मारत व्हता आन् ओ येत नव्हती, आन् पळत यायला पाय नव्हतं. तांब्याला भागू, कोंबडीला भागू, कारण दुसरा शब्दच न्हाई त्याच्यापाशी. पण लांबवर मारायची हाक येगळी. ती मला कळंल, डॉक्टरला कशी कळंल. आन् मी समोर बसले की गप का, ते बी कळलं. समोरच्या माणसाला हाक मारतंय का कुणी?

निदान मी तसं धरून चालले. त्याच्या मनात काय हाय ते देवाला ठाव.

मी तिथं ऱ्हायले. लई दिवसांनी सकाळी माहेरच्या डोंगराला डोकं टेकून उठत व्हते. कस्तुर पाखरू शीळ घालायचं, चुलीवर नाचणीची भाकर, वर तव्यातलं सुकट. दादाचा हात धुवायचा, दाढी करायची, हिरडा उलटापालटा करायचा, आन् मंग दोघांनी आंब्याखाली बसायचं. मी करवंदं तोडून आणली. एक चावलं, मुठीत धरलं, त्याला इचारलं, 'कोंबडा का कोंबडी?'

तो इचार करायचा. खराच करायचा, कपाळाला आठ्या घालून. आन् म्हणायचा, 'भागू.'

'हरलास,' मी म्हणायची, 'कोंबडी हाय,' आन् त्याच्या वाटचं करवंद खाऊन टाकायची. त्याचं तोंड एका अंगानं हसायचं. मी बेल्ह्याच्या बैलाची गोष्ट सांगितली, शेपूट पिरगाळलेली, भाकर खाल्लेली. बैल उठला म्हणले तवा त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. का उजव्या अंगाचं पाणी बी त्याच डोळ्यातून येतं आता, कुणास ठाव.

मी उठून लांब गेले की हाक यायची. मी ओ द्यायची. पुन्हा गप. भिका म्हणला, 'आत्ती, तू आल्यापासून घरात माणसं ऱ्हात्यात असं वाटाया लागलं.'

पण मला जायचं व्हतं. घरी म्हातारा एकटा, त्याला साखर, येळंवर इंजेक्शन द्यावं लागतं, एवढे दिवस शेजारणीनं दिलं, लेक-सून चाकणला कंपनीत. भिकाला म्हणलं, दादाला डिंगोऱ्याला न्हेते. तर तो म्हणला, 'मागं एकदा दवाखान्यात न्हेण्यासाठी गाडीत घालाया उचलला, तर ह्या एका हातानं आंबा असा धरला की चौघांना सोडवंना.' खरंय. तो डोंगर सोडून तो जगायचा न्हाई.

म्हणून मी स्नेहलला बोलावलं. म्हणलं, 'पोरी, आता तू ओ द्यायची.'

ती म्हणाली, 'पण मी स्नेहल आहे, आत्ती.'

'आन् मी आधारकार्डावर वैजयंती हाय. दे ओ.'

दादानं हाक मारली. ती म्हणाली, 'हां?'

'हां न्हाई गं! फोन आलाय का तुला? ओ. लांब. पोटातून काढ, दऱ्याच्या पल्याड जाईल अशी.' ती लाजायची, भिका हसायचा, आन् दादा काय फसायचा न्हाई. तिची ओ आली की कान टवकारून पुन्हा हाक मारायचा, पुन्हा, आन् मी दिली की मंगच गप. तवा माझ्या ध्यानात आलं. मी इथं असंस्तवर तो दुसऱ्या कुणाची ओ घ्यायचा न्हाई. आन् मी गेल्यावर दिवसभर बाज बडवत बसंल.

निघायच्या सकाळी मी स्नेहलला पडवीत न्हेलं. म्हणलं, 'मी वळणावर पोचले की तो हाक मारंल. त्याला सवय हाय. मी ओ द्यायची न्हाई. तू द्यायची. कितीबी हाका मारू दे, तूच द्यायची. एकदा त्यानं तुझी ओ घेतली की सुटलीस.'

स्नेहल रडाया लागली. 'आत्ती, तुमचं नाव आहे ते.'

'नाव घेऊन काय लोणचं घालू?' मी म्हणले.

दादाच्या पाया पडले. त्यानं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आन् बराच येळ उचललाच न्हाई. भागू म्हणला न्हाई. मी म्हणलं, 'येते रं दादा,' आन् मागं न बघता उतरले.

वळणावर आले. एसटी अजून आली नव्हती. मैलाच्या दगडावर पिशवी ठेवली, आन् वरून आली.

'भागूऽऽ'.

तांब्याला मारतो ती न्हाई. कोंबडीला न्हाई. आंगणातून वळणावर मारायची ती, शेवटाला वर चढणारी, माझ्या लग्नापासूनची. जी एकदा ऐकायला मी एवढी आले, तीच. माझी. तोंड उघडलं बी, आन् मी पदराचा बोळा करून तोंडात घातला.

वरून स्नेहलची ओ आली. चांगली दिली पोरीनं, पोटातून.

'भागूऽऽ'. त्याला ती पटली न्हाई. पुन्हा स्नेहल, 'ओऽऽ'. मी दगडाला धरून उभी.

'भागूऽऽऽ'. तिसरी.

तिसरी झाली की तो पळत यायचा. मी येड्यावाणी पायवाटंकडं बघत ऱ्हायले. करवंदीतून हातपाय फाडून, सदरा लोंबत, आता येईल, म्होरं उभा ऱ्हाईल. म्हणंल, ओ दे की गं, नुसती ओ दे. वाटंवर कुणी न्हाई आलं. वर स्नेहलनं आणखी एकदा ओ दिली, आन् मंग सारं गप झालं.

त्यानं तिची ओ घेतली का त्याचा दम संपला, मला कळलं न्हाई. एसटी आली. पदर तोंडातून काढला तवा दातानं फाटला व्हता.

चार दिवसांनी भिकाचा फोन आला. म्हणला, 'आत्ती, जमलं बघ. आता नाना स्नेहलची ओ घेत्यात. एका हाकंत गप बसत्यात. लई आराम झाला.'

'बरं झालं,' मी म्हणले. 'चांगलं झालं की रं.'

फोन ठेवला आन् तिथंच बसून ऱ्हायले, हातात स्नेहलनं निघताना बांधून दिलेली करवंदं, पार सुकून गेलेली. आतल्या खोलीतनं म्हाताऱ्यानं हाक मारली.

'अगं ए.'

'आले,' म्हणले.